एका तारेवर अनेक संभाषणे

तालुक्याच्या गावाहून मुंबईला फोन लावणे हे एके काळी दिवसभराचे काम होते. सकाळी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल नोंदवायचा आणि बाकावर बसून राहायचे. घरात कोणी अत्यवस्थ असले तरी उत्तर एकच, ‘लाइन मोकळी नाही.’ फोन मुंबईत होता, तालुक्यातही होता. अडत होते ते मधल्या तारेपाशी. खांब रोवायचे, तार ताणायची, तिची राखण करायची, खर्च सारा तिथे. आणि एका तारजोडीवर एका वेळी एकच बोलणे व्हायचे असेल, तर दुसऱ्याने थांबण्यावाचून इलाज नाही. मग त्याच तारजोडीवरून एकाच वेळी अनेक बोलणी नेता आली तर? ती नेण्याच्या युक्तीलाच मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट समजायला सोपी आहे.

हा प्रश्न टेलिफोनहूनही जुना. एकाच तारेवर निरनिराळ्या सुरांतून अनेक तारसंदेश पाठवता येतील का, याची खटपट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल करीत होते. त्या खटपटीतूनच १८७६ मध्ये टेलिफोन हाती आला. फ्रान्सचे एमिल बोदो यांनी त्याआधी, १८७४ मध्ये, दुसरी वाट धरली होती. त्यांनी प्रत्येक संदेशाला पाळी वाटून दिली. सूर आणि पाळी, या दोन वाटा आजही मुख्य आहेत.

आधी सुराची वाट पाहू. भजनाला बसताना पेटीवाला विचारतो, ‘बुवा, पट्टी कोणती?’ तेच भजन काळी एकमध्ये म्हणता येते, काळी चारमध्येही म्हणता येते. शब्द तेच, चाल तीच. पट्टी तेवढी बदलली. फोनवर बोलणे नीट कळायला सेकंदाला सुमारे ३०० ते ३,४०० कंपने पुरेशी होतात. तेव्हा प्रत्येक संभाषणाला ४,००० कंपनांचे वावर द्यायचे, म्हणजे दोन वावरांत थोडा बांधही राहतो. पहिले संभाषण उचलून ६०,००० ते ६४,००० च्या पट्टीत ठेवायचे, दुसरे त्याच्या वर, तिसरे त्याच्याही वर. असे करीत १,०८,००० पर्यंत १२ संभाषणे बसतात. पलीकडच्या टोकाला विजेच्या गाळण्या ती वेगळी करतात आणि प्रत्येकाला मूळ पट्टीत उतरवतात. आपण रेडिओची सुई फिरवून हवे ते केंद्र लावतो, तेही याच तत्त्वावर. अटलांटिक महासागराच्या तळावरून पहिली टेलिफोन केबल १९५६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यावर अशा ३६ वाहिन्या होत्या.

आता पाळीची वाट. एका विहिरीवर चार भावांचा वाटा असतो. विहीर एक, पाट एक. पण आज थोरल्याची पाळी, उद्या धाकट्याची. प्रत्येकाचे पाणी त्याच्याच वावरात जाते. तुम्ही म्हणाल, पाण्याचे ठीक आहे, पण बोलणे असे तुटक तुटक कसे चालेल? तर सिनेमा आठवा. पडद्यावर सेकंदाला २४ सुटी चित्रे येतात, पण आपल्याला माणूस सलग चालताना दिसतो. तसेच येथे आवाजाचे सेकंदाला ८,००० वेळा माप घेतात आणि प्रत्येक माप शून्य व एक अशा आठ खुणांनी लिहितात. एका मापानंतर दुसरे येईपर्यंत तार रिकामीच असते. त्या रिकाम्या वेळात इतरांची मापे बसवतात. आपल्या देशात रूढ झालेल्या पद्धतीत एका फेरीत ३२ घरे असतात. त्यांपैकी ३० बोलण्यासाठी आणि दोन व्यवस्थेसाठी.

ही दोन घरे फुकट घालवली असे वाटेल. शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. ‘सरपंच’ आणि ‘शेतकरी’ हे दोन शब्द आळीपाळीने एकेक अक्षर घेऊन फळ्यावर लिहावेत: स, शे, र, त, पं, क, च, री. पहिल्या मुलाने पहिले, तिसरे, पाचवे, सातवे अक्षर घ्यावे. दुसऱ्याने उरलेली घ्यावीत. दोघांना आपापला शब्द बिनचूक मिळेल. आता पहिला ‘स’ पुसून पुन्हा मोजायला लावा. पहिल्या मुलाच्या हाती ‘शेतकरी’ येईल आणि दुसऱ्याच्या हाती ‘रपंच’! एक अक्षर हरवले आणि एकाचा निरोप दुसऱ्याच्या घरी गेला. म्हणून फेरी कोठून सुरू होते हे सांगणारी खूण प्रत्येक वेळी लागते. त्या दोन घरांपैकी एक त्याच राखणीचे असते. दुसरे घर फोन लावणे, तोडणे अशा कामांच्या खुणांसाठी असते.

ठरलेल्या पाळीत एक उणेपणाही आहे. बोलणारा गप्प बसला तरी त्याचे घर रिकामे जाते. इंटरनेटवर म्हणून पाळी बांधून देत नाहीत. ज्याच्यापाशी मजकूर असेल त्याला जागा मिळते आणि प्रत्येक पुडक्यावर पत्ता असतो. संध्याकाळी सारे गाव एकदम मोबाइल उघडून बसले की चित्र अडखळते, त्याचे एक कारण हेच. पाट तोच, आणि पाणी घेणारे मात्र वाढलेले.

आज मोठ्या वाटांवर तांब्याच्या जागी केसासारखा बारीक काचेचा तंतू असतो. त्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या निरनिराळ्या छटा जातात, आणि प्रत्येक छटेत पुन्हा पाळ्या. म्हणजे सूर आणि पाळी दोन्ही एकत्र नांदतात. एका तंतूवरून लाखो बोलणी जाऊ शकतात.

पण जिथे साऱ्यांचे एकत्र, तिथे जोखीमही एकत्र. पूर्वी एक तार तुटली तर एकाचे बोलणे तुटे. आज रस्त्याकडेला पाइप टाकताना कुदळ केबलवर पडली तर गावेच्या गावे मुकी होतात, आणि त्यात दवाखान्याला लावलेला एखादा फोनही असतो. तेव्हा मंडळी, खणण्यापूर्वी केबलची खूण पाहा, विचारपूस करा. सामाईक विहिरीत कोणी माती लोटत नाही. ही केबलही तशीच सामाईक आहे.