ओढणारा की थांबवणारा?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी आठ दिवसांवर आली असताना कन्हेरीहून थोरल्या बंधूंचा फोन आला. "पाडव्याला घरात ट्रॅक्टर यायचा आहे. कोणता घ्यायचा यावरून आम्हा बाप-लेकांचं बोलणं बंद आहे. तू दोन दिवस आधीच निघ."

माझी सारी नोकरी पुण्यात बँकेच्या टेबलामागे गेली. ट्रॅक्टरच्या कर्जाचे कागद मी शेकड्यांनी तपासले असतील. पण खुद्द ट्रॅक्टरच्या चाकाला हात लावण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. तरीही गेलो. घरात भांडण झाले की पुण्याचा माणूस शहाणा, अशी आमच्याकडे जुनी समजूत आहे. ती दोन दिवसांत फोल ठरली, हे आधीच सांगून टाकतो.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना काटेवाडीच्या शेजारी आमचे कन्हेरी लागते. निवडणूक आली की प्रचाराचा पहिला नारळ कन्हेरीच्या मारुतीपुढे फुटतो, म्हणून वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना गावाचे नाव ठाऊक असते. एरवी आम्ही उसाची माणसे. 1885च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी या कोरड्या मुलखात आले आणि ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. पुढे वालचंदनगर झाले, मग माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचे सहकारी कारखाने झाले. आपण शंकरपाळ्यांत घालतो ती साखर अशा कुठल्या तरी कारखान्याच्या गव्हाणीतून येते. आणि गव्हाणीपर्यंत ऊस पोचवणे हा स्वतंत्रच धंदा आहे.

माझ्या लहानपणी हे काम बैलगाडीचे होते. टायरची गाडी झाली तरी दोन-अडीच टनांवर काही तिच्यात जात नसे. 1959 साली फरिदाबादला आयशरने देशी ट्रॅक्टर बांधायला आरंभ केला, मागोमाग इतर कंपन्या आल्या आणि हळूहळू ट्रॅक्टर बैलांच्या जागी उभा राहिला. आता हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत वीस टनांच्या आसपास ऊस, वर मोठ्याने लावलेली गाणी, अशी वरात रात्रंदिवस रस्त्याने चाललेली असते.

पुतण्याला याच धंद्यात पडायचे होते. कारखान्याशी वाहतुकीचा करार करायचा, ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाला उचल द्यायची, ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या कर्जाने घ्यायच्या आणि चार-साडेचार महिन्यांच्या हंगामात वर्षाचे हप्ते फेडायचे, असा त्याचा हिशेब. कर्जाला जमीन तारण. जमिनीच्या सातबाऱ्यावर बंधूंबरोबर वहिनींचेही नाव.

"नाना, साठ हॉर्सपॉवरच्या खाली बघायचंच नाही," पुतण्याने मी हातपाय धुण्याच्या आत सुरुवात केली. "दोन ट्रॉल्या भरून पळवायच्या आहेत."

दादांचे म्हणणे नेमके उलटे. "पस्तीसचा जुना मिळतोय. कर्ज निम्म्यावर येईल. त्याच्यानं ओढत नाही असं कोण म्हणतं?"

दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी चहाकडे पाहिले. वहिनी मात्र काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे मला अधिक जड वाटले, कारण त्याला कारण होते. काही वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावाची मोटारसायकल रात्री रस्त्यात बंद पडलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला ना दिवा होता, ना चमकणारी पट्टी. जीव वाचला, एक पाय मात्र कायमचा आखूड झाला. कर्जाच्या कागदांवर वहिनींनी अजून सही केली नव्हती.

मिस्त्रींचे गणित

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे बारामतीला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. ट्रॅक्टर खोलण्यात या गृहस्थांचे चाळीस वर्षांवर आयुष्य गेलेले. त्यांनी दोन्ही पक्ष ऐकून घेतले आणि हात पुसत म्हणाले, "ओढतोय किती, हे समदे इचारत्यात. थांबतोय कुठं, हे कुनी इचारत न्हाय."

मग त्यांनी जे समजावून दिले ते माझ्या भाषेत सांगतो.

सपाट डांबरी रस्त्यावर भरलेली ट्रॉली ओढायला फार जोर लागत नाही. मागे वीस टन असले तरी चारपाचशे किलोच्या ओढीने ती चालत राहते. पण तीच ट्रॉली मऊ रानात उभी असली की चाके रुततात आणि ओढ चौपट-पाचपट लागते. वीस फुटांत एक फूट असा चढ आला, तर आणखी एक टनाचा जोर वाढला. म्हणजे खरी परीक्षा कारखान्यापर्यंतच्या लांब रस्त्यावर नसते. ती शेतातून रस्त्यावर चढतानाच्या शंभर पावलांत असते.

आणि त्या शंभर पावलांत नुसती हॉर्सपॉवर कामाला येत नाही. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन-सव्वादोन टन; त्यातला मागच्या चाकांवर येणारा भार तेवढाच जमिनीला धरून ठेवतो. इंजिन कितीही तगडे असले, तरी चाकाला पकड नसेल तर ते जागच्या जागी फिरून माती उडवते. म्हणून जाणते लोक मागच्या चाकांना लोखंडी वजने लावतात, टायरमध्ये पाणी भरतात, 14.9च्या ऐवजी 16.9चे रुंद टायर घेतात. आणि दोन ट्रॉल्या रानातून एकदम कोणी शहाणा काढत नाही. एकेक बाहेर आणून रस्त्यावर जोडायची.

"वजन मागं वाढलं की तोंड उचलतंय, हे बी ध्यानात ठेवा," मिस्त्री म्हणाले. "बैलगाडी उलार झाली तर काय व्हायचं?"

हे मला चटकन कळले. लहानपणी गाडीत मागे जास्त ओझे भरले की जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाई, आणि पुढे जास्त भरले की बैलांच्या माना दबत. धुरकरी मोळ्या पुढेमागे करून तोल साधत असे. दोन चाकांच्या ट्रॉलीचा तोलही असाच साधावा लागतो. तिचा थोडा भार ट्रॅक्टरच्या मागे यावा लागतो, पण इतका नव्हे की पुढची चाके हलकी होऊन सुकाणूच लागू नये. त्या रात्री अमेरिकेतल्या भाच्याशी बोलणे झाले. तो सुट्टीत आपल्या पिकअप गाडीमागे चाकांवरचे घर ओढत हिंडतो. तो म्हणाला, "मामा, आमच्याकडेही हाच नियम. ओढायच्या वजनातला शेकडा दहा ते पंधरा भार जोडावर हवा. कमी पडला तर मागचं घर शेपटीसारखं हलायला लागतं." कन्हेरीचा धुरकरी आणि अमेरिकेचा गाडीवाला एकच गोष्ट सांगत होते, याची मला मोठी मौज वाटली.

चारीच्या पुलावर

मिस्त्रींनी शेवटी एक अट घातली. "दुकानातल्या फरशीवर ट्रॅक्टर बघू नका. भरलेली ट्रॉली लावून चढावर उभा करा. मग आपण बोलू."

हंगाम अजून सुरू व्हायचा होता, ऊस रानात उभा होता. म्हणून शेजाऱ्यांच्या ट्रॉलीत मुरूम भरला आणि काट्यावर नेऊन वजन केले. ट्रॉलीसकट दहा टन भरले. दोन विक्रेत्यांनी दोन ट्रॅक्टर दाखवायला पाठवले होते: एक पुतण्याच्या मनातला साठचा, चकचकीत, पण मागे वजने नसलेला; दुसरा पन्नासचा, अंगाने भारी, रुंद टायरचा, तेलात बुडालेले ब्रेक असलेला. आमच्या वाटेवर चारीचा लहानसा पूल आहे. अलीकडे मुरमाचा चढ, पलीकडे तसाच उतार. मिस्त्रींनी उतारावर चुन्याची रेघ मारली आणि ट्रॅक्टर आणणाऱ्या माणसाला बाजूला बसवून पुतण्याला म्हणाले, "निम्म्या चढावर थांबायचं, पुन्हा निघायचं. आणि उतारावर रेघेपाशी उभं राहायचं."

आधी साठचा गेला. चढावर थांबला तोवर ठीक. पुन्हा निघताना मागची चाके गरगर फिरली, मुरूम उडाला आणि सारे ओझे हातभर मागे सरकले. दादांनी धावत जाऊन चाकामागे दगड लावला. तिसऱ्या प्रयत्नात तो चढला. पण उतारावर ट्रॉलीने मागून असा रेटा दिला की रेघ केव्हा मागे पडली ते कळलेच नाही. ट्रॅक्टर पार खाली जाऊन तिरपा उभा राहिला. पुतण्या खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

मग पन्नासचा. तो रेंगाळत चढला, थांबला, निघाला. उतारावर रेघेच्या थोडा पुढे गेला, पण सरळ उभा राहिला. मिस्त्रींनी तोच ट्रॅक्टर पुन्हा, निम्म्या वेगाने आणायला लावला. या खेपेला तो रेघेच्या कितीतरी अलीकडे थांबला. वेग निम्मा केला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर निम्मे होत नाही, चौथाई होते. शाळेत शिकलेले हे गणित मी साठी उलटल्यावर डोळ्यांनी पाहिले.

"ही एका ट्रॉलीची गत," मिस्त्री म्हणाले. "ट्रॅक्टरचे ब्रेक त्याच्या मागच्या दोन चाकांना. ट्रॉलीचे ब्रेक कुनी जोडीतच न्हाय. उतारावर गियर काढून सोडला की मग मारुतीच वाली."

परतताना दादाही गप्प होते. त्यांचा पस्तीसचा जुना ट्रॅक्टर ओढील, हे खरे. पण अंगाने हलका असल्याने त्याला मागचे ओझे ढकलत नेईल, हे त्यांनाही उमगले होते. मला एवढीच भर घालता आली: ट्रॉलीची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरपेक्षा वेगळा असतो, तो आधी पाहा, आणि हप्त्याचा हिशेब वेगावर मांडू नका. कारखान्याच्या आवारात गव्हाणीसाठी तासन्‌तास रांग असते. जोरात पळणारा ट्रॅक्टर फक्त रांगेत लवकर उभा राहतो.

वहिनींचा प्रश्न

रात्री जेवणे झाल्यावर सगळी हकीकत वहिनींच्या कानावर घातली. त्यांनी शांतपणे ऐकले आणि मुलाला एकच प्रश्न विचारला. "रात्री वाटेत बंद पडला, तर मागनं येणाऱ्याला दिसंल का?"

पुतण्या काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बारामतीला गेला. मागच्या-पुढच्या दिव्यांच्या तारा, चमकणाऱ्या लाल पट्ट्या, जोडाच्या खिळीला अडकवायची कडी, वर आधाराची साखळी आणि चाकामागे लावायचे दोन लाकडी ठोकळे घेऊन आला. सगळे वहिनींपुढे मांडले. वहिनींनी पट्टी हातात घेऊन विजेरीच्या उजेडात चमकते का ते पाहिले. मग म्हणाल्या, "भाऊजी, कुठं सही करायची ते दाखवा."

पाडव्याला पन्नासचा ट्रॅक्टर आला. त्याबरोबर ट्रॉली एकच, पण ब्रेक जोडलेली. मारुतीपुढे नारळ फुटला, वहिनींनी चाकांना कुंकू लावले.

पुढचे सगळे गोड झाले असे मात्र मी सांगणार नाही. पहिल्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या शेजाऱ्यांपेक्षा आमची कमाई कमी पडली. दोन हप्ते दादांनी दुधाच्या पैशांतून भरले आणि त्याबद्दल पुतण्याला ऐकूनही घ्यावे लागले. दुसऱ्या हंगामात त्याने दुसरी ट्रॉली घेतली, तीही ब्रेकसकट. रानातून तो आजही एकेक काढतो. लोक हसतात. चारीच्या उतारावर तो गियर काढत नाही, आणि त्याची वरात तिथून पायी चालल्यासारखी खाली येते.

वाचकहो, या दिवसांत तुम्ही मुलाबाळांना घेऊन गावाकडे निघाल. रात्रीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या पुढे येतील. त्या सावकाश चालल्या म्हणून कर्णा वाजवू नका, आणि दोन ट्रॉल्यांची लांबी ध्यानात न घेता पुढे घुसू नका. त्यांना चटकन थांबता येत नाही, तुम्हाला येते. गेल्या खेपेला पुण्याच्या बसमधून येताना आमच्यापुढे अशीच एक वरात बराच वेळ होती. डब्यातले लाडू खाऊन संपले तरी रस्ता मोकळा होईना. शेजारचे गृहस्थ चरफडत होते. मी मात्र तिच्या मागच्या लाल पट्ट्या मोजत बसलो होतो. चार होत्या. चारही चमकत होत्या.