रॉकेल पोटात, घात छातीत

गॅस येईपर्यंत नांदेड-लातूरकडच्या कितीतरी घरांचा स्वयंपाक आणि उजेड रॉकेलवर होता. रेशनच्या दुकानापुढे कॅनची रांग लागायची. घरी आणलेलं निळं रॉकेल नरसाळ्याने बाटलीत ओतायचं आणि बाटली स्टोव्हशेजारी जमिनीवरच ठेवायची. उन्हाळ्यात तहानलेलं दीड-दोन वर्षांचं पोर तीच तोंडाला लावायचं. एक घोट, जोराचा ठसका. मग कुणी मिठाचं पाणी पाजायचं, कुणी घशात बोटं घालायचं. पोराला ओकवलं की सगळ्यांना हायसं वाटे, आणि खरा घात तिथेच होई.

प्रयोगशाळेतल्या उंदरांनी ते केव्हाच दाखवून दिलं होतं. पोटात थेट नळीने सोडलेलं रॉकेल उंदीर वजनाच्या किलोमागे 5 ग्रॅमपर्यंतही सहसा पचवतो. श्वासनलिकेत मात्र काही थेंब गेले तरी फुप्फुसात रक्त उतरून तो मरू शकतो. 1970 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत वुल्फ्सडॉर्फ यांनी माकडांवर प्रयोग केले. रॉकेल प्यायलेल्या मुलाला येणारी गुंगी मुख्यतः प्राणवायू कमी पडल्याने येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. रॉकेल पातळ असतं, झरझर पसरतं आणि फुप्फुसातल्या वायुकोशांना उघडं ठेवणारा थर विस्कटतं. ओकताना ते दुसऱ्यांदा घशाशी येतं, तेव्हा छातीत शिरायची आणखी एक संधी मिळते. या जनावरांच्या जिवावर मिळालेलं हे ज्ञान आपल्या ओसरीपर्यंत पोचायला फार वेळ लागला, याची मला चीड येते.

मला वाटतं, यात कापसाच्या शेतीचाही हात असावा. फवारणीचं औषध प्यायलेल्या माणसाचं पोट धुतात, हे गावोगाव पाहिलेलं. तोच नियम रॉकेललाही लागला. शिवाय मोठा दवाखाना लांब. 1982 पर्यंत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. नांदेडला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1988 मध्ये आलं, लातूरला 2002 मध्ये. त्याआधी लातूरकडचं पोर घेऊन अंबाजोगाई गाठायची.

डॉक्टरांची रीतही हळूहळू बदलली. पोट धुणं मागे पडलं. श्वास मोजायचा, गरज पडली तर ऑक्सिजन द्यायचा, छातीचा एक्स-रे काढायचा. पोर ठणठणीत दिसलं तरी सहाएक तास नजरेखाली ठेवायचं.

2016 मध्ये उज्ज्वला योजना आली आणि पुढे रेशनचं रॉकेलही आटलं. बाटली मात्र घरातून गेली नाही. आता तिच्यात मोटारसायकलचं पेट्रोल असतं, नाहीतर रंगकामातून उरलेलं थिनर. दोन्ही रॉकेलहून पातळ, म्हणजे श्वासनलिकेत शिरायला आणखी सोपी.