'इव्हॉल्व्ह' : १७ वर्षांनंतरचे स्वतःचे गाणे

प्रतिनिधी, नाशिक

गंगापूर रोडवरील कॅफेंमध्ये सायंकाळी गिटार घेऊन गाणारे तरुण आता नवलाचे राहिलेले नाहीत. त्यांना फर्माईश होते ती बहुधा हिंदी चित्रपटगीतांची किंवा गाजलेल्या इंग्रजी गाण्यांची. एखाद्याने स्वतः रचलेले गाणे सुरू केले, की श्रोत्यांचे लक्ष पुन्हा गप्पांकडे वळते. 'इंडी' संगीतापुढील खरी अडचण हीच आहे.

'इंडी' हे 'इंडिपेंडंट' या शब्दाचे लघुरूप. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांपासून स्वतंत्र राहून केलेल्या संगीताला पाश्चात्त्य देशांत हे नाव मिळाले. आपल्याकडे मात्र हे स्वातंत्र्य प्रामुख्याने चित्रपटापासूनचे असते. चित्रपटगीत प्रसंगाची आणि पात्राची गरज भागवते. इंडी गाण्याचे शब्द, चाल आणि जोखीम ही तिन्ही कलावंताचीच असतात.

ही जोखीम काय असते, हे मुंबईच्या 'इंडस क्रीड' या बँडच्या वाटचालीवरून कळते. १९८४ मध्ये 'रॉक मशीन' या नावाने स्थापन झालेल्या या बँडने प्रारंभी परदेशी गाणी वाजविली. १९८८ च्या 'रॉक अँड रोल रेनेगेड' या अल्बममध्ये त्यांनी स्वतःच्या रचना सादर केल्या. १९९३ मध्ये नाव बदलले, १९९५ मध्ये नव्या नावाचा अल्बम आला आणि १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला. २०१० मध्ये तो पुन्हा उभा राहिला व २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' प्रकाशित झाला. उदय बेनेगल (गायन), महेश तिनईकर (गिटार) आणि झुबिन बालापोरिया (कीबोर्ड) या जुन्या फळीला रुशाद मिस्त्री (बास गिटार) आणि जय रो कवी (ड्रम्स) यांची साथ लाभली.

आठ गाण्यांचा हा अल्बम प्रथम ऐकताना काहीसा परका वाटतो. लगेच गुणगुणावे, असे त्यात फारसे हाती लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र गिटार व कीबोर्डचे थर उलगडू लागतात. 'फायरफ्लाइज'मध्ये बेनेगल यांचा आवाज तारुण्याचा आव आणत नाही; वयाने आलेला संयम तो लपवीत नाही. प्रत्येक वाद्य स्वच्छ ऐकू येते, याचे श्रेय मिक्सिंगलाही द्यावे लागेल. स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केलेल्या वाद्यांचा समतोल साधण्याचे हे काम 'पर्ल जॅम'च्या 'टेन'चे मिक्सिंग करणारे टिम पामर यांनी केले आहे.

जुनी लोकप्रिय गाणीच पुन्हा वाजवून टाळ्या मिळविणे या बँडला सहज शक्य होते. त्यांनी नवे लिहिले. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'सुलाफेस्ट'मुळे असे बँड समोर बसून ऐकण्याची संधी नाशिककरांना मिळाली. परंतु केवळ व्यासपीठाने नवे संगीत जगत नाही. अनोळखी गाणे एकदा शांतपणे आणि जमल्यास दुसऱ्यांदाही ऐकून घेणारा श्रोता त्याला लागतो.