ऑयलरला खोटं पाडणारे तिघे

सहा पलटणी आणि प्रत्येकीतून वेगवेगळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी. या छत्तीस जणांना सहा बाय सहाच्या चौरसात असं उभं करायचं, की कुठल्याही आडव्या-उभ्या रांगेत पलटण दुबार येऊ नये आणि हुद्दाही. लिओनार्ड ऑयलरला हे जमेना. १७८२ साली त्याने अंदाज बांधला, की १०, १४, १८, २२ अशा, चाराने भागल्यावर दोन उरणाऱ्या कुठल्याच संख्येचा असा चौरस होणार नाही. १९०० च्या सुमारास गास्ताँ तारी या फ्रेंच गृहस्थाने सगळ्या शक्यता हाताने तपासल्या आणि सहापुरतं ऑयलरचं म्हणणं खरं ठरवलं. दहाच्या मागे ‘स्वॅक’ हा संगणक शंभराहून जास्त तास राबवला, पण हाती काही लागलं नाही. तपासलेल्या शक्यता नगण्य होत्या. त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. पण ऑयलरशी वाद घालणार कोण?

कोंडी फुटली ती भलतीकडून. रेमिंग्टन रँडच्या युनिव्हॅक विभागातल्या अर्नेस्ट टिल्डन पार्करने २१ च्या चौरसांची एक रचना शोधली. जुन्या अटकळीप्रमाणे असे फार तर दोनच चौरस एकमेकांशी जुळायचे, म्हणजे एकावर एक ठेवले तर कुठलीच जोडी दुबार यायची नाही. पार्करचे चार जुळले. २१ काही ऑयलरच्या यादीतला आकडा नव्हे. पण अमेरिकेतल्या चॅपेल हिलच्या विद्यापीठात राजचंद्र बोस यांनी त्यातली खुबी हेरली. ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतून तिकडे गेलेले. शेतीच्या प्रयोगात कुठल्या वाफ्यात कुठलं बी पेरायचं हे ठरवायला असेच चौरस लागतात, त्यामुळे हा त्यांच्या मुरलेल्या अभ्यासाचा विषय. पार्करच्या युक्तीवरून त्यांनी व्यापक नियम बसवले आणि त्यांचे जुने विद्यार्थी, नागपूरच्या सायन्स कॉलेजातले शरदचंद्र श्रीखंडे यांच्या साथीने २२ चा चौरस उभा केला. पावणेदोनशे वर्षांचा अंदाज कोसळला.

गंमत यापुढेच आहे. तो निकाल पाहून पार्करने आणखी निराळी पद्धत काढली आणि थेट दहाचा चौरस मांडला! प्रत्येक घरात दोन अंक, एक पलटणीचा, एक हुद्द्याचा. पहिली ओळ ००, ४७, १८, ७६ अशी सुरू होते. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात ७७, ८८, ९९. त्याखाली ८९, ९७, ७८. मग ९८, ७९, ८७. सात, आठ, नऊ हे अंक आपसात फक्त इथेच जोडी जमवतात. म्हणजे दहाच्या पोटात तीनचा अख्खा चौरस आहे आणि बाकीची घरं सातच्या चक्राने भरली आहेत. नुसत्या चाचपडण्याने ही घडण सापडली असती असं मला वाटत नाही.

मग पत्रांचा सपाटा सुरू झाला. एका बाजूला बोस-श्रीखंडे, दुसऱ्या बाजूला पार्कर. एकाची युक्ती दुसऱ्याकडे जाई ती धार लावून परत येई. चढाओढ होती की भागीदारी, हे सांगणं अवघड, बहुधा दोन्ही. एप्रिल १९५९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे पहिले प्रमुख झाले.

१९५९ चे शोधनिबंध मात्र वेगवेगळे निघाले होते: बोस-श्रीखंडे यांचा एक, पार्करचा एक. १९६० मध्ये कॅनडाच्या गणित नियतकालिकात जो निबंध आला, त्यावर तिघांचीही नावं होती. ऑयलरच्या यादीत सहाच्या पुढची एकही संख्या त्यांनी शिल्लक ठेवली नव्हती.