परीक्षेच्या आदल्या रात्रीचा 'क्रॅम'

'आय हॅव टू क्रॅम फॉर द एक्झाम.' परीक्षा तोंडावर आली की इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्या तोंडी हे वाक्य हमखास येते. 'क्रॅम'चा मूळ अर्थ ठासून, कोंबून भरणे. गच्च भरलेल्या बॅगेलाही हेच क्रियापद लागते. अभ्यासाबाबत ते वापरले, की थोड्या वेळात भरपूर मजकूर डोक्यात कोंबण्याची धडपड असा अर्थ होतो.

ज्या विषयासाठी किंवा परीक्षेसाठी अभ्यास चालला आहे, त्याच्याआधी 'फॉर' लावायचे, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

या शब्दामागचा इतिहास फार रंजक आहे. परीक्षेपुरती कसून तयारी करून घेणाऱ्या खासगी वर्गांना ब्रिटनमध्ये 'क्रॅमर' म्हणत. सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा विन्स्टन चर्चिल दोनदा नापास झाले. मग लंडनमधल्या कॅप्टन जेम्स यांच्या अशाच वर्गात तयारी करून 1893 मध्ये तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. पुढे ते ब्रिटनचे पंतप्रधान झाले. जपानमधल्या 'जुकू' वर्गांनाही इंग्रजीत 'क्रॅम स्कूल' म्हणतात.

अभ्यासाबाबतचा 'मग अप' हा शब्दप्रयोग मात्र जपून वापरावा. ब्रिटिश इंग्रजीत त्याचा अर्थ एखादा विषय घाईने वाचून काढणे असा आहे. आपल्याकडच्या कॉलेजांत तो घोकंपट्टीसाठी रुळला आहे, आणि अमेरिकेत तर तो बहुतेकांना कळतच नाही.

अशी घाईची तयारी टिकते किती? जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवले, की पाठ केलेले बरेचसे पहिल्याच दिवसात विसरले जाते आणि अंतराने केलेली उजळणी जास्त टिकते.