पिकअपचं स्टेअरिंग ढिलं झालंय? बॉक्स बदलण्याआधी हे बघा

कांदा भरलेली पिकअप रस्त्यावर डावी-उजवीकडे ओढू लागली, की लगेच 'बॉक्स गेला' म्हणतात. पण बऱ्याचदा टाय रॉड एंड झिजलेले असतात, ते स्वस्तात बदलतात. एकाने स्टेअरिंग हलवायचं, दुसऱ्याने खाली बघायचं. बॉक्सचा वरचा दांडा फिरूनही खालचा आर्म उशिरा हलला, तर दोष बॉक्सचा.

घेताना पार्ट नंबर, आर्मचे दाते, पाइपचे आटे जुन्याशी जुळवा. भंगारातला असेल तर हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्येच अडकला तर फुकटही नको. स्क्रू आवळून प्ले लपवलेला बॉक्स वळणानंतर आपसूक सरळ येत नाही.

पॉवर स्टेअरिंग असेल तर जुनं तेल पूर्ण काढायला लावा. त्यातला धातूचा चुरा नव्या बॉक्सचे सील खातो.