विश्लेषण : मरियेच्या साडीवरून विरोध का झाला? चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांचे महत्त्व काय?

गोव्यात पोर्तुगीज राजवट असताना एका गोमंतकीय ख्रिस्ती चित्रकाराने येशूची आई मरिया साडीत रंगवली. आज ही चित्रे गोव्याच्या आधुनिक कलेचा ठेवा मानली जातात. त्या काळी मात्र चित्रकाराला गोवा सोडून पुण्यात राहावे लागले.

फोन्सेका कोण होते?

आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ मध्ये गोव्यातील सांत इस्तेव्ह येथे झाला. मुंबईतील वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून ते जे. जे. कला महाविद्यालयात गेले. तेथील पाश्चात्य वळणाचे शिक्षण न रुचल्याने त्यांनी शांतिनिकेतन गाठले. अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस हे त्यांचे गुरू.

चित्रांत वेगळे काय?

विषय बायबलमधले, पण माणसे इथली. मरियेच्या अंगावर साडी, भोवती भारतीय परिसर. युरोपीय तैलचित्रांतील ठसठशीत छायाप्रकाशाऐवजी जलरंगांचे एकावर एक पातळ थर. ही ‘वॉश’ पद्धत बंगालमधून आली आणि बंगालच्या चित्रकारांनी ती जपानी कलावंतांच्या सहवासात घडवली होती. म्हणजे ज्याला ‘देशी’ म्हटले गेले, त्यातही बाहेरचे धागे होतेच.

विरोध कशामुळे?

गोव्यात पोशाख हा धर्मांतराच्या इतिहासाशी जोडलेला विषय होता. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने स्थानिक ख्रिस्ती पुरुषांना धोतर आणि स्त्रियांना चोळी वापरण्यास मनाई केली होती. चर्चमधील मूर्तींचे चेहरेही युरोपीय. अशा समाजात साडीतील मरिया अनेकांना श्रद्धेचा अवमान वाटली. वास्तविक इटलीच्या चित्रकारांनीही तिला आपल्याच काळातल्या, आपल्याच प्रदेशातल्या स्त्रीसारखे रंगवले होते. ते सवयीचे झाले होते, इतकेच.

पुण्याने काय दिले?

अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी स्थापलेल्या शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात या कॅथलिक चित्रकाराला आसरा मिळाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. १९६७ मध्ये निधन होईपर्यंत ते चित्रे काढत राहिले.

आज महत्त्व काय?

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) उपासनेत स्थानिक संस्कृतीला वाव दिला. फोन्सेका हे काम तीन दशके आधीपासून करत होते. पत्नी आयव्ही यांनी जपलेला त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आता पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. आधुनिक भारतीय कलेचा इतिहास सांगताना मुंबई आणि बंगालपाशीच थांबण्याची सवय आहे. त्यामुळे दोन्हीकडे शिकून तिसरी वाट काढणारे फोन्सेका अनेकदा निसटतात. श्रद्धा बाहेरून आली तरी तिचा चेहरा आपल्या मातीचा असू शकतो, हे त्यांनी दाखवले. त्याची किंमत मात्र गाव सोडून मोजली.